राक्षस आणि एकटी जाणारी बाई

३ मे १९६५, सोमवार

शाळेला सुट्टी लागली. आता काम एकच. बुलढाण्याला शैक्षणिक साधनांची स्पर्धा आहे, तीस जूनच्या आत साधन पोचायला हवं. आमच्या नांदुऱ्याच्या शाळेतल्या बाकीच्या बाई पुठ्ठ्याची घड्याळं करणार. मी खेळ करणार आहे.

कल्पना अशी: जमिनीवर मोठा नकाशा अंथरायचा. खेळणाऱ्यानं एकेक सोंग घ्यायचं, कोणी राजा, कोणी वैद्य, कोणी चोर. मी गोष्ट सांगत जायची. 'पुढं नदी आहे, पूल नाही, काय करशील?' काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं, आणि जमलं की नाही ते सहा कवड्या सांगतील. यात भूगोल येतो, भाषा येते, हजरजबाबीपणा येतो.

हे रेल्वेच्या मालधक्क्यावरून कामावरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, "जिंकतं कोण?" म्हटलं, कोणीच नाही. "मग संपतं कधी?" याचं उत्तर अजून माझ्यापाशी नाही.

५ मे, बुधवार

मुलं सारी मामाच्या गावाला पांगलेली. म्हणून पहिला प्रयोग मोठ्यांवर केला. मागच्या मळ्यातल्या रुक्मिणीबाई, त्यांची सून चांगुणा आणि दवाखान्यातल्या नर्स जनकाबाई. दुपारी खिडकीला ओलं गोणपाट लावलं आणि सतरंजी टाकली. रुक्मिणीबाईंनी जनकाबाईंच्या बाजूचं सतरंजीचं टोक हळूच दुमडून घेतलं. जनकाबाईंनी पाहिलं, बोलल्या नाहीत, नऊ वर्षांपूर्वी धम्म घेतलेल्या घरातल्या बाईला हे नवीन नसावं. मीही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

सोंगं वाटली. रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मले राजा नोको. राजाले लय कटकटी. मले हत्तीवाला करा." जनकाबाई वैद्य झाल्या. चांगुणा बराच वेळ नकाशाकडं बघत राहिली. पंचविशीसुद्धा नाही तिची. रुक्मिणीबाईंचा धाकटा मुलगा दोन वर्षांपूर्वी धनुर्वातानं गेला, त्याची ही बायको. घरात बोलणं बेताचंच.

"मी यकटी जानारी बाई," ती म्हणाली.

"म्हणजे जादूगारीण? जोगीण?"

"नाई. निस्ती बाई. यकटी जाते."

रुक्मिणीबाई हसल्या. "अशी कुठी बाई रायते का वं? कोनासंगं तरी जाईन का नाई?"

आता गंमत पाहा. त्याआधी दहाच मिनिटं मी सातपुड्याच्या पायथ्याच्या विहिरीत तीन तोंडांचा राक्षस बसवला होता. त्याला कोणीही हरकत घेतली नाही. रुक्मिणीबाईंनी फक्त विचारलं, "तोंडं तीन, तं पोट यकच का?" राक्षस चालतो, एकटी बाई चालत नाही! वहीत टीप केली: सोंगांची यादी ठरवून द्यावी, खेळणाऱ्यावर सोपवू नये.

९ मे, रविवार

आज जनकाबाईंनी माझा सर्वात सुंदर नियम मोडीत काढला.

नियम असा होता की रानात कोणी जखमी झालं तर राक्षसाच्या झाडाचं पान लावायचं, कवडी पडली की जखम भरली. हत्तीवाल्याच्या पायात खिळा गेला. मी पान दिलं. जनकाबाई म्हणाल्या, "बाई, खिळ्याची जखम अशी नाही भरत. वरून भरलेली दिसते, तीच वाईट. आधी धुवावी लागते, मग सुई."

"अहो, खेळ आहे हा."

"खेळातला असला तरी पाय पायच हाये ना?"

चांगुणानं विचारलं, "सुई किती वेळात द्याव लागते?"

जनकाबाईंनी सांगितलं. चांगुणानं आणखी विचारलं. कोण देतं, कुठं मिळते, खेड्यात नर्स नसली तर? खेळ अर्धा तास ठप्प. रुक्मिणीबाईंनी कवड्या इतक्या जोरात टाकल्या की एक चुलीपर्यंत गेली. घरातल्या दुखण्याची आठवण झाली असणार, मलाही उगाच तो नियम केला असं वाटलं. पण माझ्या हत्तीवाल्याचं काय? तो अजून रानात पडून आहे.

१४ मे, शुक्रवार

चांगुणा सोंग बदलायला तयार नाही. रुक्मिणीबाईही हटायला तयार नाहीत. शेवटी तोड काढली. एकटी जाणारी बाई ज्या गावाला पोचेल, तिथं गावकरी तिला प्रश्न विचारतील. उत्तर पटलं तर कवडी न टाकता पुढं. नाही पटलं तर मुक्काम तिथंच. गावकरी रुक्मिणीबाई.

बाप्पा! काय प्रश्न विचारतात त्या! कोनाची कोन? घरी सांगून आली का? संगं मानूस काऊन नाई? कपाळ मोकळं काऊन? चांगुणा पहिल्याच गावात अडली.

"मायच्या घरी चालली," ती म्हणाली.

"खोटं. तुह्या मायचं घर सोनाळ्याले, हा रस्ता सोनाळ्याचा नाई."

दुपारभर तिला पहिलं गाव ओलांडता आलं नाही. मला वाटलं ती उद्या येणार नाही. खेळाडू म्हणून ती कच्ची आहे, मनाला लावून घेते.

१५ मे

आली. सगळ्यांच्या आधी.

१९ मे, बुधवार

मोठा पेच पडला आहे. परीक्षक राक्षसाला अंधश्रद्धा म्हणाले तर? रात्रभर विचार करून सकाळी राक्षस, बोलका पोपट, उडती बाज सगळं काढून टाकलं. नकाशावर खरी गावं, खरी अंतरं, खरे नदीनाले ठेवले.

दुपारी चौघी बसलो. रुक्मिणीबाईंनी दोनदा कवड्या टाकल्या आणि उठल्या.

"राक्षस नाई तं मी कायले येऊ? बिनराक्षसाचा खेळ तं रोजच खेळून राह्यली मी घरी."

राक्षस परत विहिरीत घातला.

उलट चांगुणाला सगळं अधिकाधिक खरं हवं. बाई जाणार तर चालत का, रेल्वेनं का नाही? तिकिटाच्या खिडकीशी रांगेत कुठं उभं राहायचं? जनाना डबा कुठं लागतो? हे घरी होते. ह्यांनी लगेच जुनं वेळापत्रक काढलं, जलंब, शेगाव, अकोला, बडनेरा अशी नागपूरपर्यंतची स्टेशनं नकाशावर आखून दिली आणि कोणत्या स्टेशनात पाण्याचा नळ कुठल्या टोकाला आहे तेही सांगितलं. ह्यांना कधी कोणी खेळात घेतलं नव्हतं. खूष दिसले.

मला मात्र चुटपुट लागली आहे. एकीला राक्षस हवा, एकीला वेळापत्रक. एका खेळात हे दोन्ही कसं मावणार?

२२ मे

एकटी जाणारी बाई अकोल्याला पोचली. रुक्मिणीबाईंनी अठरा प्रश्न विचारले, मी मोजले. आता चांगुणा मान वर करून उत्तर देते. "संगं कोन हाये?" तर म्हणाली, "तुमी हाये ना, इतके लोक." रुक्मिणीबाई स्वतःच म्हणाल्या, "हे बरं सांगतलं."

जनकाबाई आज दुमडलेल्या टोकाशी बसल्या होत्या. रुक्मिणीबाईंनी ते टोक उलगडलं आणि म्हणाल्या, "इकडे सरका, तिकडून नकाशा उलटा दिसते." दुसरं काही नाही.

२६ मे, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण नियमांच्या दृष्टीनं त्याचा निकाल लावावा लागेल.

नागपूरच्या वाटेवर राक्षसाची विहीर आहे. (खऱ्या नकाशात नाही. सातपुड्यातून उचलून मी बडनेऱ्याच्या पुढं बसवली.) राक्षस कोण होणार म्हटल्यावर रुक्मिणीबाई म्हणाल्या, "मीच होतो." कोपऱ्यातलं माझं सूप उचललं, तोंडासमोर धरलं आणि असा काही घोगरा आवाज काढला की मी दचकले. तीन तोंडांचे तीन प्रश्न.

पहिलं तोंड: "कोन वं तू?"

"यकटी जानारी बाई."

दुसरं तोंड: "कुठी चालली?"

"नागपूरले. नर्सबाईचं शिकाले. आमच्याकडे सुई द्याले कोनी नव्हतं."

तिसऱ्या तोंडाची पाळी आली. मग आवाज आला, जरा कमी घोगरा. "घरी कोनाले सोडून चालली?"

"माह्या सासूले."

"वंगाळ हाये का ते?"

"नाई," चांगुणा म्हणाली. "तिनं मले माहेरी धाडलं नाई. लोकायनं सांगतलं तरी नाई. पोरीवानी ठेवलं. म्हनून तं तिच्याजवळ बोलता येत नाई. ते माह्यासमोर रडत नाई, मी तिच्यासमोर रडत नाई. दोघी मळ्यात जातो, दोघी घरी येतो. मी अशीच राह्यली तं आमी दोघी अशाच म्हाताऱ्या होऊन जाऊ."



"तिले इचारलं का तू?"

"नाई. राक्षसाले इचारून राह्यली."

"टाक मंग कवड्या."

"कवड्यायवर नाई टाकत. राक्षसानंच सांगाव."

बाहेर रस्त्यावरून बैलगाडी गेली. मग सुपामागून शब्द आले, "राक्षसाले इतकं काई येत नाई. जाय तू."

मी म्हटलं, नियमाप्रमाणे कवड्या टाकायलाच हव्यात, राक्षस असा हरू शकत नाही. जनकाबाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

रुक्मिणीबाई सूप तोंडासमोर धरूनच घरी गेल्या. ऊन फार होतं. नियमभंग वहीत नोंदवला आहे. दोघींनी सोंग मात्र अप्रतिम वठवलं, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

३१ मे

चांगुणा सकाळी आली. तिला सातवी पास झाल्याच्या दाखल्याची नक्कल हवी होती. ती लहानपणी मामाकडं राहून आमच्याच शाळेत शिकलेली. रजिस्टर घरी नाही, पण मुख्याध्यापिकांकडं जाऊन नक्कल करवून दिली. कशाला ते विचारायचं राहिलं. डोक्यात विहिरीचा नियम घोळत होता.

२ जून, बुधवार

आज रुक्मिणीबाई खेळल्या नाहीत, नुसते प्रश्न विचारत होत्या, तेही जनकाबाईंना. नागपुरात शिकाऊ बायका रात्री कुठं राहतात? दार कोण लावतं? आजारी पडली तर कोणाला सांगायचं? जनकाबाई तिथंच शिकलेल्या. त्यांनी वसतिगृह, एका खोलीतल्या आठ खाटा, मेट्रनबाईंचा किल्ल्यांचा जुडगा, सातला बंद होणारं फाटक, सगळं डोळ्यांसमोर उभं केलं. सुंदर तपशील. 'सुरक्षित मुक्काम' या नावानं नियमांत घालते.

७ जून

आज कोणीच आलं नाही. पक्की प्रत लिहायला घेतली.

८ जून, मंगळवार

सकाळी दारात किसनराव उभे, रुक्मिणीबाईंचे थोरले चिरंजीव. चपला न काढता आत आले. एरवी तसे नाहीत, नमस्कार केल्याशिवाय बोलत नाहीत.

"बाई, तुमी आमच्या चांगुणाले काय शिकवलं?"

मला काही कळेना. म्हटलं, खेळ शिकवला.

"ते सकाळच्या गाडीनं नागपूरले गेली! यकटी! नर्सच्या मुलाखतीले! अन् इथी नकाशावर तोच रस्ता काढला हाये तुमी!"

जमिनीवर नकाशा तसाच होता. नांदुरा, जलंब, शेगाव. ह्यांच्या हातची अक्षरं. मी त्या रेषेकडं बघत राहिले आणि एका महिन्यातलं एकेक बोलणं कानात पुन्हा वाजायला लागलं. सातवीचा दाखला. आठ खाटा. सुपामागचा आवाज. अरे देवा! मी कवड्या टाका म्हटलं होतं.

तेवढ्यात मागच्या दारानं रुक्मिणीबाई आल्या. हाताला मळ्यातला चिखल.

"त्याईले काऊन बोलतो? म्या पाठवली."

"तू? गाडीत तू बसवून देली?"

"बसवून नाई देली. मी टेसनाच्या फाटकापाशी उभी होती. तिकीट तिनं तिचं काढलं, डबा तिनं तिचा पाह्यला."

"अन् लोक काय म्हनतीन, माय?"

"लोकायचे सारे सवाल म्या महिनाभर इचारले तिले. आता एकाही सवालाले अडत नाई ते."

किसनराव सतरंजीवर बसले. खालच्या आवाजात म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं? मी आडवा आलो असतो का?"

"आला असता."

ते नकाशाकडं बघत राहिले. "हाव," म्हणाले, "आलो असतो."

मग उठले, दारापाशी वळून मला नमस्कार केला आणि गेले.

९ जून

ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "खेळणाऱ्याला परतीच्या गाड्या कशाला लागतात? तिनं त्याही विचारल्या होत्या." मला सांगायचं नाही का? "मला वाटलं, तुझाच बेत आहे."

म्हणजे साऱ्यांना माहीत. अर्जही जनकाबाईंनीच भरून पाठवला होता. नियम करणारी तेवढी आंधळी. रागही येतो आहे आणि एक विचित्र अभिमानही, ज्यावर माझा काही हक्क नाही.

१२ जून

पत्र नाही. दिवसभर वाईट वाईट विचार. गाडी चुकली असेल तर? कोणी फसवलं तर? माझ्या खेळात गाडी कधी उशिरा आली नाही, पाकीट कोणी मारलं नाही. प्रश्न विचारणारं प्रत्येक माणूस शेवटी रुक्मिणीबाईच होतं. खऱ्या जगात तसं कुठं असतं? रुक्मिणीबाई मात्र रोजच्यासारख्या वाफे बांधताहेत. कसं जमतं त्यांना?

१६ जून, बुधवार

पत्र आलं. निवड झाली! पत्ता माझा, म्हणून मी धावत मळ्यात नेलं. पाटाच्या कडेला बसून वाचून दाखवलं. किसनराव मोटेपाशी काम थांबवून उभे होते, पाठ आमच्याकडं करून.

चांगुणा लिहिते, प्रवासात सगळे प्रश्न आले. कुणाची कोण, कुठं चालली, सोबत कोण. सगळ्यांना उत्तरं दिली. पण बडनेऱ्याच्या पुढं समोरच्या म्हाताऱ्या बाईनं एक प्रश्न विचारला, जो घरी कोणीच विचारला नव्हता. 'पोरी, जेवली का तू?' त्याचं उत्तर तयार नव्हतं. 'मले लय रडू आलं आत्याबाई. त्या बाईनं भाकर देली. वर्ध्यापर्यंत मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.'

रुक्मिणीबाईंनी तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "हे मले सुचाले पाह्यजे होतं."

घरी येऊन मी वही उघडली. बेचाळीस नियम आहेत माझे. वाटेत भेटणारं माणूस चांगलंही निघेल, असा त्यात एकही नाही. राक्षस सुचला मला, उडती बाज सुचली, ही म्हातारी सुचली नाही.

२८ जून, सोमवार

खेळ बुलढाण्याला रवाना केला. राक्षस ठेवला. वेळापत्रकही ठेवलं. दोन्ही का, याचं स्पष्टीकरण परीक्षकांसाठी दोन पानं लिहिलं होतं, ते फाडून टाकलं. एकच वाक्य लिहिलं: खरं लागतं ते वाट कळावी म्हणून, आणि राक्षस लागतो तो तोंड उघडावं म्हणून.

१५ जुलै, गुरुवार

खेळ परत आला. शेरा लाल शाईत: 'साधन कष्टपूर्वक केले आहे. तथापि राक्षस वगळावा. तसेच स्त्रीने एकटीने दूरचा प्रवास करणे हे वास्तवास धरून नाही, तेथे सोबत दाखवावी.'

जनकाबाई वाचून इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मला एवढं हसू आलं नाही. शेवटी आलंच.

१८ जुलै, रविवार

सकाळी रुक्मिणीबाई पत्र लिहून घ्यायला आल्या. पोस्टकार्ड स्वतः आणलेलं, पदरात जपून. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले.

पाऊस बरा आहे. किसन अजून काही म्हणत नाही, पण पोस्टमन दिसला की त्याची सायकल थांबवतो. जनकाबाई परवा घरी जेवून गेल्या. भेंडी एवढी लागली की एका हातानं तोडणं होत नाही, दोन दिवसांपासून कंबर धरली, बाई लावावी तर मिळत नाही.

"वाचा बरं पह्यलेपासून," त्या म्हणाल्या.

वाचलं. भेंडीपाशी आल्यावर त्यांनी हात वर केला.

"हे काढा."

"का? खरंच तर आहे."

"खरं हाये म्हनून. हे वाचून ते पोरगी संध्याकाळच्या गाडीत बसन."

मी ती ओळ खोडायला लागले, तर म्हणाल्या, "खोडू नोका. खोडलेलं ते उजेडाले धरून वाचते."

माझ्याकडचं दुसरं कार्ड काढलं. पुन्हा सगळं लिहिलं, पाऊस, किसनराव, जनकाबाई. भेंडीच्या जागी काय लिहू, विचारलं. त्यांनी खिडकीतून मळ्याकडं पाहिलं.

"ल्ह्या, सारं बरं हाये. सावकाश शिक म्हना."

कार्ड पेटीत टाकून मी तशीच त्यांच्यामागं मळ्यात गेले. दोन पाट्या तोडल्या. दुपारपासून बोटांना भेंडीची खाज सुटली आहे, पेन धड धरवत नाही. आज इतकंच.